भुकेपेक्षा भीतीने मोडलेली किळस

'पोटात आग पडली की माणूस काहीही खातो' हे भूक आणि किळस यांवरच्या या चर्चेत वर अनेकांनी लिहिलंय. जर्मन सैन्याने १८७० मध्ये घातलेल्या वेढ्यात पॅरिसमध्ये लोकांनी घोडे, कुत्री, मांजरं, उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले हत्तीही मारले, त्यामुळे ते म्हणणं खोटं नाही. पण किळस इतक्या सहज हरत नाही, असं मला वाटतं.

'बेल्जिका' हे बेल्जियमच्या संशोधन मोहिमेचं जहाज १८९८ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं. डबाबंद अन्न होतं, म्हणजे उपासमार नव्हती. तरी माणसं स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, खंगत होती. पेंग्विन आणि सील यांचं ताजं, जेमतेम शिजवलेलं मांस खा, असं जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक सांगत होते. मोहिमेचे प्रमुख द जर्लाश यांना मात्र ते मांस तोंडाजवळही नको होतं! स्वतःची प्रकृती ढासळल्यावरच ते तयार झाले, आणि मग सुधारलेही. ताज्या मांसात थोडं क जीवनसत्त्व असतं, जास्त शिजवलं की ते बरंचसं नष्ट होतं. आर्क्टिकमधले इन्युइट लोक कच्चं मांस आणि व्हेलची कातडी खाऊन या आजारापासून दूर राहिले, तेही याचमुळे.

इन्युइट घरात वाढलेल्या मुलाला कच्चं मांस हा रोजचा घास. म्हणून कच्चं खाणाऱ्यांना 'रानटी' म्हणणारा वरचा प्रतिसाद मला फार खटकला. पोटभर जेवलेल्या माणसाने तरी असं बोलू नये. आणि हो, कच्च्या मांसातून जंत होण्याचा धोका खराच आहे, तिथे किळस आपल्याला वाचवतेसुद्धा.