वाटपाआधी प्रार्थना हवीच का?

मोहरीचा_दाणा
आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) खेड्यातली, जेमतेम चाळीस घरांची. महिन्यातून एकदा देवळामागच्या खोलीत धान्य आणि कपडे वाटतो. मागेल त्याला, धर्म न विचारता. आधी पाळकसाहेब शास्त्रभाग वाचतात, मग प्रार्थना, मग पिशव्या. गेल्या खेपेला एक म्हातारी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरून दाराबाहेरच थांबली. प्रार्थना संपली तरी आत येईना. सगळे पांगल्यावर आली, खाली मान घालून घेतलं नि गेली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. प्रार्थना आपण आपली करावी, वाटपाला जोडू नये, असं माझं मत. मंडळीत यावरून दोन तट पडलेत.

जुना_खजिनदार
साफ अमान्य. आपण ख्रिस्ताच्या नावानं देतो, मग ते नाव घ्यायला लाजायचं का? पाच हजारांना जेवू घालताना त्यानं आधी वर पाहून आशीर्वाद मागितला, मग भाकरी मोडल्या. लोकांना बाहेर उभं करून नाही. आणि आमेन म्हणा अशी सक्ती आपण कुणावर करतो?

काठावरचा
मी कुठल्याच मंडळीत नाही, तरी बोलतो. सक्ती तोंडानंच करावी लागते असं नाही. पोट रिकामं असलेला माणूस धान्याच्या पोत्यांसमोर बसला की त्याची 'मर्जी' किती उरते? रेड क्रॉसच्या पुढाकारानं १९९४ साली मदतकार्याची आचारसंहिता झाली. तिच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की मदतीचा वापर एखादी राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटायला करायचा नाही. हे नास्तिकांचं खूळ समजू नका. ती तयार करणाऱ्यांत कारितास ही कॅथलिक मदतसंस्था, लुथरन जागतिक महासंघ आणि चर्चेसची जागतिक परिषदही होती.

जुना_खजिनदार
ती संहिता आपत्तीत धावून जाणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी. आमची चाळीस घरं! बरं, जुनं उदाहरण घ्या. रोमन सम्राट जूलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. इ.स. ३६२ च्या सुमाराला त्यानं आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहिलं की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. मदत कोण करतंय हे दिसत होतं, म्हणूनच त्याला झोंबलं ना?

काठावरचा
दिसत होतं, कबूल. पण तुमचंच उदाहरण पुन्हा वाचा. त्याला झोंबलं ते देणं, प्रवचन नव्हे.

शेताची_कड
दोघेही प्रार्थनेवर अडलात. त्या म्हातारीला प्रार्थना टोचली की रांग? गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पिशवी घेऊन बाहेर पडताना कोण बघतंय, हीच खरी किंमत. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, असं सांगितलंय. गरीब स्वतः येऊन वेचणार, मालक हातात ठेवणार नाही.
आमच्याकडे वाटप बंद करून फडताळ ठेवलं. चालायचा वॉकर, कमोड खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेची गादी. गरज संपली की परत आणायचं. मागच्या महिन्यात एक वॉकर परत आला तर चारही पायांना नवी रबरी बुचं! देणारा कोण नि घेणारा कोण, सांगा.

जुना_खजिनदार
वॉकर परत येतो, धान्य येत नाही. आम्ही एकदा खोली उघडी ठेवली होती, त्याच तीन घरांनी सगळं नेलं. दानार्पणाच्या पैशाचा जाब मला द्यावा लागतो. बायबलात प्रेषित पौलानंही करिंथच्या मंडळीला लिहिलंय की वर्गणीबाबत कुणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही जपतो. यादी हवीच.

शेताची_कड
हिशेब मालाचा ठेवा हो, नावं भिंतीवर कशाला? आणि वाटपावरची कुरकुर आजची नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी तक्रार झाली. मग सात जण निवडले आणि सातांचीही नावं ग्रीक! म्हणजे बहुधा तक्रारदारांच्याच बाजूचे. तुमच्या वाटप समितीत मंडळीबाहेरचं कुणी आहे?

जुना_खजिनदार
दान आमचं आणि वाटणारे बाहेरचे? पंचांसमोर हे मांडून बघा, मग कळेल.

मोहरीचा_दाणा
मांडलं, काल रात्री. समितीचा मुद्दा दोन मिनिटांत उडाला. पाळकसाहेबांनी एवढंच मान्य केलं की पुढच्या खेपेपासून प्रार्थना सातला आणि वाटप आठला. ज्याला जेव्हा यायचं तेव्हा यावं. यादी खजिनदारांच्या वहीत राहील, मोठ्यानं वाचायची नाही.

जुना_खजिनदार
मी सातलाच येणार. आणि दार उघडं ठेवूनच प्रार्थना करणार, आधीच सांगून ठेवतो.