जुळा भाऊ लपवला म्हणजे सस्पेन्स झाला?

गोदाकाठची
काल इथं कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'जुळा भाऊ आहे हे शेवटच्या ५ मिनिटांपर्यंत कळलं नाही पाहिजे, नाहीतर थरार संपला.' म्हणून हा वेगळा धागा. दोन तास आपण धागेदोरे जुळवायचे आणि शेवटी दिग्दर्शकानं दाराआडून दुसरा भाऊ काढायचा, ही शुद्ध फसवणूक. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्येच रहस्यकथेचे १० नियम सांगितले. दहावा हाच: आधी कल्पना दिल्याशिवाय जुळे आणू नका. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकसुद्धा टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन तेच सांगतो. बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला तर १५ मिनिटं जीव टांगणीला, नाही दाखवला तर १५ सेकंदांचा दचका. जुळ्या बहिणी आहेत हे माहीत असावं आणि समोर बसून जेवायला वाढतेय ती कोणती, हे कळू नये. खरी भीती ती.

सिडकोकर
नियम डिटेक्टिव्ह कथांचे, भयपटाला कशाला लावता? धक्का बसला की मागचे सगळे प्रसंग नव्यानं आठवतात, पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत तेच डोक्यात. 'द शायनिंग'मधल्या (१९८०) जुळ्या मुली नुसत्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहतात, अंगावर काटा येतो. कुठं दिली होती कल्पना?

गोदाकाठची
त्या जुळ्या नाहीतच! हॉटेलचा मॅनेजर सुरुवातीलाच सांगतो, एक ८ वर्षांच्या आसपास, दुसरी १०. भूमिका जुळ्या बहिणींनी केल्यात म्हणून सगळे तसं धरून चालतात. आणि बापानं कुऱ्हाडीनं मारल्याचंही तो तेव्हाच सांगतो. बॉम्ब दाखवून झालाय.

दोघांची आई
पण दोघांतला एक खुनी किंवा वेडा असाच का लागतो? माझी जुळी मुलं आहेत. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत लोक तोंडावर विचारतात, 'यातला वांड कोणता?' शाळेत खोडी एकाची, शिक्षा दुसऱ्याला. बाई म्हणतात, आम्हाला कसं कळणार? अहो, जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात! मला नुसत्या खोकण्यावरून कळतं.

पंचवटीकर
ताई, आईला कळतं, बाकीच्यांना नाही. आम्ही जुळे भाऊ. रामकुंडावर वडिलांच्या दहाव्याला काका माझ्या गळ्यात पडून भावाचं नाव घेत रडले. मी काही बोललो नाही. शाळेत वेगळ्या तुकड्यांत टाकलं तेच बरं झालं.

दोघांची आई
वेगळ्या तुकड्या? मुळीच नाही. आमच्या धाकट्याला त्यानं ताप भरला होता.

पंचवटीकर
ताप उतरतो. पण जन्मभर 'दोघांतला एक' म्हणून जगणं तुम्हाला नाही कळायचं.

सिडकोकर
धागा सिनेमाचा आहे, पालकसभा दुसरीकडे भरवा.

दोघांची आई
तुम्हाला दचकायला मिळावं म्हणून आमच्या मुलांकडे लोक संशयानं बघतात. बोलणारच.

गोदाकाठची
ताईंचा राग रास्त आहे. म्हणून तर 'गुडनाइट मॉमी' (२०१४) वेगळा वाटतो. आईच्या चेहऱ्याला बँडेज, आणि जुळ्या मुलांनाच शंका की ही आपली आई नव्हे.

सिडकोकर
आणि त्यातली मुख्य गोष्ट शेवटपर्यंत लपवलीय! तुमचंच उदाहरण.

गोदाकाठची
लपवलीय, मान्य. पण जुळे आहेत हे नाही लपवलेलं. शिवाय आई एकाशीच बोलते, ही खूण पहिल्यापासून डोळ्यांसमोर आहे.

सिडकोकर
बरं, खुणा आधी पेरल्या पाहिजेत, एवढं मानतो. जुळे आधी जाहीर केलेच पाहिजेत, हे नाही मानणार.

दोघांची आई
एकाच तुकडीत ठेवा म्हणून शाळेला कुणी अर्ज दिलाय का इथं? जूनच्या आत द्यायचाय.