मदत हवी आहे: शाब्दिक उदाहरणात कंस कुठे द्यायचा, हे लेकीला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. आम्ही परळला राहतो, लेक सहावीत, मराठी माध्यम. ‘तिघींनी प्रत्येकी २० रुपयांचा वडापाव आणि १० रुपयांचा चहा घेतला’ याची मांडणी ती ३ × २० + १० अशी करते, उत्तर ७०. हवं ३ × (२० + १०), म्हणजे ९०. तोंडी विचारलं तर ९० लगेच सांगते, वहीत मात्र कंस येत नाही.

दुसरी अडचण मला जास्त छळते. लोकलच्या डब्यात १० बायका, दादरला ३ उतरल्या, २ चढल्या: १० − ३ + २. कंचेभागुबेवमध्ये (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हा पाठ करायचा क्रम) बेरीज आधी, म्हणून ती ३ + २ आधी करते आणि ५ सांगते. डब्यात तर ९ जणी आहेत! बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे करायची, हे मी सांगते. ‘मग आधी बेरीज असं का पाठ करायचं?’ हा तिचा प्रश्न मला रास्त वाटतो.

१० + २ − ३ असं चिन्हासकट हलवलं तरी ९च येतात. हे आताच दाखवावं का, की गोंधळ वाढेल? गणित शिकवणाऱ्या ताई-दादांनी कृपया सांगा. आणि कंसाच्या सरावासाठी तुम्ही कशी उदाहरणं देता?