ठाण्यात बसून डेव्होनियन जीवाश्म विकत घ्यावेत का?

येऊरकर:
आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांसाठी विज्ञानाचा कोपरा होतोय. त्यासाठी मोरोक्कोचे डेव्होनियन, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका काळातले, ट्रायलोबाइट (नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) ऑनलाइन मागवायचं चाललंय. माझा विरोध आहे. जीवाश्म कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला हे माहीत नसेल तर त्याचं मोल तिथेच निम्मं झालं. जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी उत्तर अमेरिकेतल्या डेव्होनियन थरांतले फेकॉप्स नावाचे ट्रायलोबाइट घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतल्या भिंगांच्या रांगा मोजल्या. कोणत्या थरात किती रांगा, हे लावून पाहिल्यावर त्यांना दिसलं की जात दीर्घकाळ जशीच्या तशी राहते आणि बदल होतो तो झपाट्याने. १९७२ साली स्टीफन जे गूल्ड यांच्यासोबत त्यांनी मांडलेल्या उत्क्रांतीच्या सिद्धान्तामागे हे काम आहे. थराची नोंद नसती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

वाशीकरीण:
येऊरकर, संशोधन वेगळं आणि मुलांचं शिकणं वेगळं. आपल्या पायाखाली सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. डेव्होनियन काळ ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. पारसिकचा डोंगर पालथा घातला तरी तो खडक मिळायचा नाही. मग मुलांनी ओळखायला शिकायचं कशावर? ब्रॅकिओपॉड (दोन झडपांच्या कवचाचा समुद्री प्राणी) आणि शिंपला चित्रात सारखेच वाटतात. हातात घेऊन फिरवला की कळतं: ब्रॅकिओपॉडची प्रत्येक झडप डावी-उजवीकडे सारखी, पण वरची खालचीपेक्षा वेगळी. शिंपल्याचं बहुधा उलट. आणि ते डेव्होनियन काळातलं शिंगाच्या आकाराचं प्रवाळ! त्याच्या सालीवरच्या बारीक रेघा जॉन वेल्स यांनी मोजल्या, १९६३ मध्ये. वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० भरल्या. म्हणजे तेव्हा वर्षाचे दिवसच तेवढे होते, पृथ्वी स्वतःभोवती जास्त वेगाने फिरत होती. ही गोष्ट मुलांच्या हातात भिंग देऊनच सांगावी.

कोपरीपूर्व:
ट्रायलोबाइटबाबत जपून. मोरोक्कोच्या मालात रेझिनच्या नकला भरपूर असतात. भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं दिसली किंवा कवच आणि दगडाचा पोत एकच वाटला तर शंका घ्या. फोटोवरून हे कळत नाही.

येऊरकर:
म्हणूनच म्हणतो, आधी मुंबईचे जीवाश्म दाखवा. वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडूक सापडले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? भारतातलं डेव्होनियन हवंच असेल तर हिमाचलमधल्या स्पितीच्या पिन खोऱ्यात, मुथ नावाच्या खडकथरावर, संधिपाद (सांधेदार पायांच्या) प्राण्यांच्या चालीच्या खुणा आहेत. त्यांचे फोटो लावू. त्या उचलून आणायच्या नसतातच.

वाशीकरीण:
त्या खुणा जागेवरच राहाव्यात, मान्य. पण सगळ्या जीवाश्मांना तो नियम कशाला? अमेरिकेत बफेलोजवळ पेन डिक्सी ही सिमेंट कारखान्याची जुनी खाण आहे. तिथल्या डेव्होनियन शेलमधून (गाळाच्या ठिसूळ खडकातून) वेचलेले जीवाश्म लोकांना घरी नेता येतात. उघडी पडलेली शेल ऊन, पाऊस, बर्फ यांनी भुगा होते आणि आतलं ब्रॅकिओपॉडही जातं. ते कुणी उचललं तर वाचलंच ना? शिवाय ठिकाण माहीत, थर माहीत. ट्रायलोबाइट नकोत. ब्रॅकिओपॉड आणि प्रवाळ घेऊ, तेही खाणीचं आणि थराचं नाव लिहून देणाऱ्याकडूनच.

येऊरकर:
ती चिठ्ठी विकणाराच लिहिणार. खरी की खोटी, हे ठाण्यात बसून पडताळणार कोण? याचं उत्तर मिळेपर्यंत माझं मत विरोधातच धरा.