ऑफिस सुरू झाल्यापासून पंपला दूध निघत नाही, मदत हवी आहे

चिमणपाखरू:
रुजू होऊन पाच आठवडे झाले. आधी एका वेळी १४०-१५० मिली निघायचं, आता साठावर गाडी अडते. फ्रीजरमधला साठा या आठवड्यात संपेल. दूध वाढवायच्या पावडरी-गोळ्या कृपया सुचवू नका. लवकर सांगा.

गोगलगाय:
बाळ केवढं आहे? किती तास बाहेर असतेस? दिवसातून कितीदा काढतेस? साठ एका बाजूचे की दोन्ही मिळून?

चिमणपाखरू:
दोन्ही मिळून. साडेपाच महिने. ११ आणि ४ वाजता. घरी असताना अंगावर पिते, तेव्हा काहीच अडचण नाही, म्हणून तर कळत नाहीये.

खटपट्या:
अंगावर नीट पितेय म्हणजे दूध आटलेलं नाही, आधी पंप तपासा. व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला? चोचीसारखा असतो तो. रोज वापर असेल तर एक ते तीन महिन्यांत सिलिकॉन ढिलं पडतं. मोटर तशीच घुरघुरते, पण ओढ लागत नाही. व्हॉल्व्ह उजेडासमोर धरा, चीर पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे. चिरेत ब्रश घालून धुतलं की ती फाटते.

रातराणी:
पंपाचं सोडा, रोज रात्री पॉवर पंपिंग करा. २० मिनिटं पंप, १० थांबायचं, १० पंप, १० थांबायचं, १० पंप. आठवडाभर नेटाने.

गोगलगाय:
रातराणी, दिवसभर राबून आल्यावर रात्री तासभर पंपाला जुंपायचं? खरी गोम ११ ते ४ या पाच तासांत आहे. स्तन भरून राहिले की शरीर दूध बनवणं मंदावतं. मध्ये दीड वाजता एकदा काढ, दहा-बारा मिनिटं पुरेत. दोनदा वीस-वीस मिनिटं बसण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं बरं.

रातराणी:
सगळ्यांना ऑफिसात तिसरी सुट्टी मिळत नाही हो.

गोगलगाय:
मग पहाटेची वेळ धर. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री आणि पहाटे जास्त असतं. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूला पंप लाव, पान्हा दोन्हीकडे एकदमच फुटतो.

फेनाळ:
साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येत असेल तर ते लायपेजमुळे, म्हणजे दुधातच असणाऱ्या, चरबी फोडणाऱ्या विकरामुळे. दूध खराब नसतं. बाळ तोंड फिरवत असेल तर पुढच्या वेळी गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, लगेच गार करा.

चिमणपाखरू:
वासाचं कुणी विचारलंय?? व्हॉल्व्ह पंपासोबत आला तोच आहे, चार महिने झाले.

मोजपट्टी:
फ्लँज, म्हणजे स्तनावर बसणारं पंपाचं नरसाळं, किती मिमीची? पंपासोबत बहुधा २४ किंवा २८ येते, आणि पुष्कळजणींना ती मोठी होते. स्तनाग्राचा व्यास मोजा, भोवतालचा काळा भाग धरू नका. त्यात शून्य ते ४ मिमी मिळवा. काळा भाग नळीत ओढला जात असेल तर मोठी, स्तनाग्र कडेला घासून पांढरं पडत असेल तर लहान.
आणि मागे बाटलीतून किती देतात?

चिमणपाखरू:
१८० च्या तीन. साडेआठ ते साडेसहा मी बाहेर.

मोजपट्टी:
हे आधी सांगायचं ना! या वयाचं बाळ चोवीस तासांत साधारण ७५०-८०० मिली पितं, म्हणजे तासाला तीसेक. दहा तासांचे ३००. तुमच्याकडे ५४० जातात, साठा संपणारच. बाटलीतून आपोआप ओघळतं म्हणून बाळ गिळत राहतं. १०० च्या तीन भरा. बाळाला बसतं धरून, बाटली आडवी ठेवून, मध्येमध्ये थांबवत पाजायला सांगा. त्यावर भूक दिसली तर ३०-४० चा छोटा हप्ता. उपाशी मात्र ठेवू नका, वजनावर लक्ष असू द्या.

रातराणी:
गर्भनिरोधक गोळी नवी सुरू केली आहे का? इस्ट्रोजेनवाली असेल तर दूध कमी होतं. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रीननेही होतं.

चिमणपाखरू:
गोळी नाही, सर्दी नाही. व्हॉल्व्ह उजेडात पाहिला. उजव्या बाजूची चीर उघडीच राहते. नवा यायला तीन दिवस लागतील. तोवर?

खटपट्या:
बघा!

गोगलगाय:
उजवीकडचं हाताने काढ. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाब, मग चिमटीत घे, सोड. बोटं कातडीवरून घसरवू नकोस. पहिली दोनेक मिनिटं थेंबच येतील, पान्हा फुटला की धार लागते. दाटून गाठ आली तर जोरात चोळू नकोस, गार शेक दे. ताप आला तर डॉक्टर.

आळसोबा:
अवांतर: फ्रीजरमधून काढून वितळलेलं दूध उरलं तर परत गोठवता येतं का?

फेनाळ:
नाही. पूर्ण वितळल्यापासून २४ तास, तेही फ्रीजमध्येच. बाळाने तोंड लावलेलं असेल तर पिणं संपल्यावर दोन तासांत वापरा, नाहीतर ओता.