असईच्या विजयाचं श्रेय वेलिंग्टनला कितपत द्यायचं?

गिरजाकाठ: वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन जगाला ठाऊक आहे. पण रणांगणावरची आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून उतारवयात त्यानं नाव घेतलं ते असईचं, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या गावाचं. तारीख २३ सप्टेंबर १८०३, लढाई मराठे आणि इंग्रज यांची. माझं मत असं की हा विजय त्यानं मिळवला त्याहून जास्त आपण त्याच्या पदरात टाकला. आपल्या मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा, दहा हजारांवर कवायती पायदळ, शिवाय अफाट घोडदळ. त्याच्याकडे जेमतेम सात हजार माणसं. तरी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले रण सोडून गेले, यशवंतराव होळकर तर लढाईत उतरलेच नाहीत. पलटणी कोणाच्या हाती? पोलमन नावाच्या जर्मनाच्या!

तोफखाना: साफ चूक. प्रत्येक पराभवाला फुटीचं कारण लावलं की समोरच्याचं कसब बघायचं राहून जातं. वाटाडे छातीठोकपणे सांगत होते की कैलना नदीला इथे उतार, म्हणजे चालत पार करण्याजोगी जागा, नाही. यानं दुर्बीण लावली, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. गावं इतकी जवळ असताना माणसं नदी ओलांडत नसतील कशी? एवढ्या एका तर्कावर त्यानं फौज पाण्यात घातली आणि उतार खरंच निघाला. नजर म्हणतात ती ही.

जुनी_पागा: नजर होती, मान्य. पण उतावळेपणाही तेवढाच होता. कर्नल स्टीव्हन्सनची, म्हणजे इंग्रजांचीच दुसरी फौज दुसऱ्याच दिवशी येऊन मिळणार होती, तरी हा थांबला नाही. परिणाम? दीड हजारांवर माणसं ठार-जखमी. त्याची ७४ वी हायलँडर पलटण वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि जवळपास संपली. आणि ज्या पोलमनला तुम्ही नावं ठेवता, त्यानं ऐनवेळी अख्खी फळी वळवून तोंड फिरवलं होतं. आपले गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, तर मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रज पुढे सरकताच उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तोफखाना: गोलंदाजांना मुजरा. पण हा माणूस एका दिवसाच्या नशिबावर मोठा झाला नाही. दक्षिणेत धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग करताना बैल, धान्य, वंजाऱ्यांचे तांडे यांचं गणित तो शिकला. पुढे १८१० मध्ये पोर्तुगालात त्यानं उभारलेल्या टोरेस वेद्रासच्या तटबंदीपुढे फ्रेंच फौज उपासमारीनं मागे हटली. त्यामागे हीच दख्खनची शिकवण होती.

गिरजाकाठ: रसदेचं पटलं. पण थोरला भाऊ कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता, म्हणून एवढी मोठी फौज इतक्या लवकर त्याच्या हाती आली, हेही त्यात धरा. आणि फुटीचा मुद्दा मी सोडणार नाही. असईला ९८ तोफा गेल्यावरही होळकर आले नाहीत. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत आपल्या तोफांच्या माऱ्यापुढे इंग्रजांच्या तीन पलटणी पळत सुटल्या होत्या, त्यानं स्वतः पुढे होऊन त्या सावरल्या. त्या घटकेला यशवंतरावांचं घोडदळ मैदानात असतं, तर त्याला सावरायला वेळ मिळाला असता का, ते सांगा.