कर्नल ड्रायव्हरच्या स्वयंचलित चाचण्या: सुरुवात कुठून करू? (सल्ला हवा)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करतो, लिनक्स ड्रायव्हर लिहायला लागून तीन वर्षं झाली. आयटूसी (चिपा जोडायची दोन तारांची बस) वरच्या एका तापमान सेन्सरचा ड्रायव्हर माझ्याकडे आहे. आजवरची चाचणी म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्ड करायचा, बोर्डावर चढवायचा, डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) वाचायचा आणि सेन्सरला बोट लावून आकडा वाढतो का ते बघायचं. बोर्ड एक, माणसं चार.

गेल्या महिन्यात एका शीतगृहातून तक्रार आली. आत उणे २५ अंश, पडद्यावर २३१! चूक माझीच होती. सेन्सर १२ बिटांत आकडा देतो, शून्याखालचे आकडे टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (म्हणजे ४०९६ मिळवून), आणि मी चिन्हाचं बिट पुढे पसरवलंच नव्हतं. उणे २५ अंशांचा कच्चा आकडा ३६९६, त्याला ०.०६२५ ने (एका पायरीचे अंश) गुणलं की २३१. ऑफिसातल्या टेबलावर सेन्सर शून्याखाली जात नाही, म्हणून हे कधी दिसलंच नाही. दुरुस्ती पोचेपर्यंत तिथल्या लोकांनी हातात थर्मामीटर घेऊन रात्रपाळ्या काढल्या, ते मनाला लागून राहिलंय.

केयुनिट, केसेल्फटेस्ट, एलटीपी, सिझकॉलर अशी चाचणीच्या साधनांची बरीच नावं वाचली. यातलं काय धरू?

मृगनक्षत्र

तुमच्या चुकीसाठी केयुनिट. बाकीची नावं सध्या बाजूला ठेवा.

केयुनिट लिनक्स ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, मूळ कर्नलमध्येच आहे. कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन थेट बोलावून उत्तर तपासायचं, एवढंच त्याचं काम. त्याची पायथन स्क्रिप्ट टूल्स फोल्डरात टेस्टिंगखाली मिळेल. ती यूजर मोड लिनक्स बिल्ड करते, म्हणजे अख्खा कर्नल तुमच्या मशीनवर एक साधी प्रोसेस म्हणून चालतो. बोर्ड नको, रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नकोत. पहिलं बिल्ड झालं की पुढच्या फेऱ्या चहा गार व्हायच्या आत होतात.

आधी मात्र ड्रायव्हरमध्ये थोडी चिरफाड करावी लागेल. सेन्सरचं रजिस्टर (त्यातली आकड्याची जागा) वाचणं आणि कच्च्या आकड्याचे मिलिअंश (अंशाचे हजारावे भाग) करणं हे दोन्ही एकाच फंक्शनमध्ये असेल, तर दुसरा भाग वेगळा काढा. आत पूर्णांक, बाहेर पूर्णांक, मध्ये हार्डवेअरचं नावही नाही. मग त्याला कच्चे आकडे आणि अपेक्षित उत्तरं यांचा एक तक्ता द्या. नमुना बघायचा तर एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिममधली आयनोड (फाइलीच्या नोंदीची) चाचणी उघडा. तिथे फाइलींवरच्या वेळा वाचायच्या कोडची सीमेवरच्या तारखांनी परीक्षा घेतली आहे: १९०१, २०३८, थेट २४४६ पर्यंत. एकही तारीख अधलीमधली नाही, सगळ्या काठावरच्या. तुमच्या तक्त्यात किमान हे कच्चे आकडे हवेत: ०, १, ४०० (२५ अंश), २०४७ (सगळ्यांत गरम), २०४८ (उणे १२८), ३६९६ आणि ४०९५. शेवटचा म्हणजे शून्याच्या जेमतेम खाली.

तक्ता पॅरामीटर म्हणून दिलात तर प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा छापून येतो. आणि एक्स्पेक्ट व असर्ट यांतला फरक सुरुवातीलाच समजून घ्या. एक्स्पेक्ट चुकलं तरी चाचणी पुढे चालते, असर्ट चुकलं की तिथेच थांबते. पॉइंटर नल (रिकामा) नाही ना हे असर्टने बघायचं, आकडे एक्स्पेक्टने.

एक कळकळीची विनंती. दुरुस्ती काढून टाका, जुन्या चुकीच्या कोडवर चाचणी चालवा आणि ती पडताना डोळ्यांनी बघा. पडली नाही, तर ती भलतंच काहीतरी तपासते आहे. माझ्या एका चाचणीची फाइल मेकफाइलमध्ये (काय बिल्ड करायचं त्या यादीत) जोडायची राहिली होती आणि मी दोन आठवडे 'सगळं पास' बघून खूश होते.

घाटमाथा

मृगनक्षत्रताई, मनापासून आभार. फंक्शन वेगळं काढलं. पण स्क्रिप्ट म्हणते की मी मागितलेले काही पर्याय तयार झालेल्या कॉन्फिगमध्ये नाहीत. हार्डवेअर मॉनिटर, म्हणजे माझा ड्रायव्हर ज्यात बसतो तो विभाग, चालूच होत नाही.

मृगनक्षत्र

यावर सगळेच एकदा अडकतात. तो विभाग हॅज-आयओमेम (हार्डवेअरशी मेमरीच्या पत्त्यांवरून बोलायची सोय) मागतो आणि यूजर मोड लिनक्समध्ये ते एरवी बंद असतं. सोपा रस्ता असा: स्क्रिप्टला आर्किटेक्चर एक्स८६-६४ सांगा, मग ती क्यूएमयू या आभासी मशीनमध्ये चालवते. थोडं हळू, पण बाकी काही बदलावं लागत नाही. शिवाय क्रॉस कंपायलर (दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बिल्ड करणारा) हाताशी असेल तर तीच चाचणी एस३९० या आर्किटेक्चरवरही चालवता येते. ते बिग-एंडियन (वरचा बाइट आधी ठेवणारं) आहे, बाइटांच्या क्रमातल्या चुका तिथे लगेच उघड्या पडतात.

जुना पार

केयुनिटबद्दल ताईंना पूर्ण अनुमोदन. पण गड्या, तिथेच थांबू नकोस. शीतगृहातल्या माणसाने तुझं फंक्शन पाहिलं नव्हतं, त्याने सिसएफएसमधून (ड्रायव्हरचे आकडे फाइली म्हणून दाखवणाऱ्या जागेतून) आलेला आकडा पाहिला. रजिस्टरपासून त्या फाइलपर्यंतचा रस्ताही तपासायला हवा.

त्यासाठी आयटूसी-स्टब वापर. कर्नलमध्येच असलेलं हे मॉड्यूल खोटी चिप उभी करतं. चिपचा पत्ता द्यायचा, आयटूसी टूल्समधल्या आयटूसी-सेटने तिच्या रजिस्टरमध्ये हवा तो आकडा लिहायचा, ड्रायव्हर जोडायचा आणि सिसएफएसमधली तापमानाची फाइल वाचायची. उणे २५ हवं असेल तर फ्रीजर लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळ. १२ बिट बहुधा १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये डावीकडे सरकवलेले असतात, तुझी डेटाशीट बघून खात्री कर. आणि एसएमबसच्या (आयटूसीवर बोलायचे ठरलेले नियम) १६ बिटांच्या वर्डमध्ये खालचा बाइट आधी जातो, तर बरेचसे सेन्सर वरचा बाइट आधी पाठवतात. तुझा ड्रायव्हर वाचताना बाइट उलटवत असेल, तर स्टबमध्ये लिहितानाही उलटवूनच लिही. यात माझी एक अख्खी दुपार गेली होती.

हे सगळं शेल स्क्रिप्टमध्ये लिहून केसेल्फटेस्टच्या, म्हणजे कर्नलसोबतच येणाऱ्या चाचण्यांच्या, फोल्डरात ठेव. स्टब मॉड्यूलच नसेल तर ४ हा एक्झिट कोड दे, म्हणजे 'वगळली' असा निकाल येतो. ० देऊ नकोस. निकालाच्या यादीत वगळलेल्या चाचणीपुढेही 'ओके' लिहिलेलं असतं आणि 'स्किप' हा शब्द ओळीच्या टोकाला येतो, म्हणून पासांबरोबर वगळलेल्याही मोजत जा. एका चाचणीला ठरावीक मुदत ४५ सेकंदांची असते, जास्त लागत असतील तर सेटिंग्ज फाइलमध्ये वाढवता येते.

आणि हे स्वतःच्या लॅपटॉपच्या कर्नलवर चालवू नकोस! व्हर्टमी-एनजी घे. नुकताच बिल्ड केलेला कर्नल ते क्यूएमयूत उठवतं आणि तुझीच फाइल सिस्टिम आत दाखवतं. डिस्क इमेज बनवत बसायला नको.

कोकणकडा

एक गोष्ट राहिली असं वाटतं. चाचणीचा कर्नल आणि गिऱ्हाइकाला द्यायचा कर्नल यांचं कॉन्फिग एकच ठेवू नका. चाचणीच्या कर्नलमध्ये केसॅन चालू हवं, मोकळी केलेली मेमरी वापरली किंवा हद्दीबाहेर वाचलं की ते ओरडतं. प्रूव्ह लॉकिंग हवं, कारण त्यातलं लॉकडेप (लॉकांवर नजर ठेवणारं साधन) डेडलॉक प्रत्यक्षात घडायची वाट बघत नाही. लॉक उलटसुलट क्रमाने घेतलेले दिसले की तिथेच सांगतं. झोपायला मनाई असलेल्या जागी झोपणारा कोड पकडायला डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप. मशीन मंदावेल, मेमरीही लागेल. केसॅन नेहमीच्या प्रकारात दर आठ बाइटांमागे एक बाइट हिशेबासाठी राखून ठेवतं. सोबत पॅनिक-ऑन-वॉर्न (इशारा येताच कर्नल थांबवणारा पर्याय) लावा. नाहीतर इशारा डीमेसेजमध्ये पडून राहतो आणि चाचणी हिरवी दिसते.

एवढं झालं की गिट बायसेक्ट रन वापरता येतं, चूक कुठल्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आणली ते ते आपोआप शोधतं. स्क्रिप्टने ० दिलं तर चांगला कमिट, १ दिलं तर वाईट. कर्नल बिल्डच झाला नाही तर १२५ द्यायचं, म्हणजे तो कमिट वगळला जातो. बिल्ड पडल्यावर चुकून १ दिलंत, तर गिट निरपराध कमिटकडे बोट दाखवतं. एलटीपी सिस्टिम कॉल तपासण्यासाठी आहे आणि सिझकॉलर त्यांच्यावर वेडेवाकडे मारे करण्यासाठी. या ड्रायव्हरला आज दोन्हींची गरज नाही.

घाटमाथा

मंडळी, कालची रात्र यातच गेली. जुन्या कोडवर तक्ता चालवला: २०४८, ३६९६ आणि ४०९५ या तिन्ही ओळी पडल्या, वरच्या चार पास. मग साइन-एक्स्टेंड (चिन्हाचं बिट पुढे पसरवणं) घातलं. ३६९६ ला बरोबर उणे २५०००. पण ४०९५ ची ओळ तरीही पडली! मला अपेक्षित उणे ६२, आलं उणे ६३. १ ला मात्र अधिक ६२ येतंय. हा सेन्सर दोन वर्षं हाताळतोय, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मृगनक्षत्र

हजाराने गुणून चार बिट उजवीकडे सरकवता ना? उणे आकडा सरकवला की उत्तर खालच्या पूर्णांकाकडे जातं, भागाकार केला तर शून्याकडे. खरं उत्तर ६२.५, कर्नलमध्ये दशांश वापरत नाहीत, म्हणजे कुठेतरी कापावं लागणारच. दोन्ही बाजूंना सारखं कापा. त्यासाठी डिव्ह-राउंड-क्लोजेस्ट (जवळच्या पूर्णांकाकडे नेणारा भागाकार) आहे, उणे आकड्यांनाही नीट चालतं, फक्त भाजक अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) ठेवू नका.

घाटमाथा

केलं. ६३ आणि उणे ६३. २०४७ लाही आता १२७९३८ येतं, तक्त्यातल्या या ओळी बदलल्या आणि का बदलल्या ते कमिटमध्ये लिहिलं. सातही ओळी पास. आज स्टबला उणे २५ लिहून बघतो. बोर्ड शुक्रवारपर्यंत दुसऱ्याकडे आहे, पण त्यासाठी थांबायला नको.